उर्वीची चोरओटी

आमच्या न्यू जर्सीतल्या एखाद्या हळदीकुंकवाला तुम्ही उर्वीला पाहिलं असेल, तर 'ती जाडशी, लग्नाला पाच वर्षं झाली, अजून काही नाही' अशीच तुम्हाला तिची ओळख करून दिली असेल. तिचं नाव कुणी सांगितलं असेल तर नशीब समजा. ती संख्याशास्त्रज्ञ आहे. नवी औषधं माणसांना लागू पडतात की नाही, हे तिच्या आकडेमोडीवरून ठरतं. हे त्या बायकांना माहीत नसतं, आणि सांगितलं तर 'हो का, छान' म्हणून त्या पुन्हा तिच्या पोटाकडे बघतात.

मी नीला. वेस्ट विंडसरमध्ये चाळीस वर्षं काढली, त्यातली तीस एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासण्यात गेली. शिवाय बावीस वर्षं रविवारच्या मराठी शाळेत शिकवलं. उर्वी इथेच जन्मलेली, सहाव्या वर्षापासून माझ्या वर्गात होती. तिचे आईवडील आता टेक्ससला तिच्या भावाची मुलं सांभाळतात, त्यामुळे तिचं इथलं माहेर म्हणजे मी. माझा स्वभाव तापट आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा पुढचं वाचून कुणी नवल करू नये.

सोळाव्या वर्षी उर्वीची पाळी चार-चार महिने येईना. डॉक्टरने पाच मिनिटांत पाळी आणणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाला, मूल हवं असेल तेव्हा ये. म्हणजे मूल नको असेल तोवर बाईच्या शरीराशी कुणाला काही देणंघेणं नाही. चौदा वर्षं ती गोळ्या घेत राहिली. मूल हवं झालं तेव्हा गेली, तर दुसरा डॉक्टर म्हणाला, आधी वजन उतरव. आता हा आजार, पीसीओएस, असा की त्यात अंडाशयात बीज वेळेवर पिकत नाही, पाळी येत नाही, हनुवटीवर केस येतात आणि वजन वाढतं. आजारानेच वाढलेलं वजन आधी उतरव, मग आजाराकडे बघतो, हा कुठला न्याय? मी लॅबमध्ये तीस वर्षं असले डॉक्टर पाहिलेत. त्यांच्या हाताखाली नोकरी होती म्हणून गप्प बसले, आता बसत नाही.

उर्वीच्या गाडीत चष्म्याच्या कप्प्यात एक चिमटा असतो. बाथरूमच्या दिव्यात न दिसलेला हनुवटीवरचा केस सिग्नलला थांबल्यावर उन्हात दिसतो, मग हिरवा दिवा लागेपर्यंत ती तो उपटते. एकदा मी शेजारी बसले होते. 'काकू, डोन्ट लुक,' म्हणाली. मी खिडकीबाहेर बघितलं आणि मला रडू आलं.

आणखी एक गोष्ट, जी मला त्या पोरीमुळे कळली. आपल्याकडे 'पाळी चुकली' म्हणजे आनंदाची बातमी. उर्वीची पाळी कायमचीच चुकलेली. लग्नानंतर दीड वर्ष ती दर वेळी आशेने टेस्ट करायची, दर वेळी एकच रेघ. शेवटी तिने टेस्ट आणणं बंद केलं आणि नुसते दिवस मोजायला लागली. आज अठ्ठेचाळीस, आज साठ, असं.

तिचा नवरा सौमित्र अमरावतीचा. इथे एम.एस. करायला आला आणि राहिला. मुलगा गुणी आहे, पण आईचा फोन आला की स्क्रीन बायकोकडे वळवून चहा टाकायला जाण्याची त्याला वाईट खोड होती. त्याची आई, उत्तराताई, दर रविवारी विचारायच्या, 'मग, काही विशेष?' चार वर्षं. दोनशे रविवार धरा. एकदाही त्यांनी हा प्रश्न मुलाला विचारला नाही. 'काही विशेष' नाही म्हटलं की अळशी खा, पपई खाऊ नको, एवढा विचार करू नको, नोकरी सोडून बघ. शेजारच्या कुणाच्या तरी सुनेला नोकरी सोडल्यावर लगेच राहिलं होतं म्हणे.

गेल्या वर्षी एका रविवारी उर्वीने ठरवलं, आज आईंना सगळं सांगायचं, आणि मराठीतच सांगायचं. सौमित्र बॅडमिंटनला गेलेला. तिने मनात वाक्यं जुळवली, फोन लावला आणि 'काही विशेष?' यायच्या आत म्हणाली, 'आई, मला सत्तर दिवस गेले. पाळी नाही आली. डॉक्टरकडे जाते मी. गोळ्या चालू आहेत, सोनोग्राफी पण केली.' आणि तिला रडू फुटलं.

'मला सत्तर दिवस झाले' म्हणायला हवं होतं. ती 'गेले' म्हणाली. बाईला दिवस गेले म्हणजे काय, हे अमरावतीत शाळेतल्या पोरीलाही कळतं. उर्वीला कळत नव्हतं, कारण मी शिकवलं नव्हतं. वाक्प्रचारांची यादी मीच करायची. डोळे पांढरे होणे, पोटात कावळे ओरडणे, सगळं घेतलं. 'दिवस जाणे' लहान मुलांना कसं समजावायचं म्हणून मी गाळलं. शिवाय अंडाशय, पाळी, गर्भ यातला एक शब्दही आम्ही बावीस वर्षांत फळ्यावर लिहिला नाही. किल्ल्यांची नावं मात्र पोरांना तोंडपाठ.

पलीकडे उत्तराताईही रडल्या. म्हणाल्या, 'रडू नको बाई, देवाने ऐकलं. आता बोलायचं नाही यावर. मी कोणालाच सांगत नाही. जड उचलू नको फक्त.' तीन महिने होईपर्यंत तोंडाबाहेर काढायचं नाही ही आपली रीत, आणि त्या रीतीनेच घोटाळा पक्का केला. पुढच्या रविवारी त्यांनी 'काही विशेष?' विचारलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. झोप होते न, खाते न, पाय वर करून बसत जा, एवढंच. सौमित्रलाही म्हणाल्या, 'तिला जपत जा.' तो म्हणाला, हो.

उर्वी मला फोन करून सांगत होती, 'काकू, शी गेट्स इट. मी मराठीत सांगितलं ना, म्हणून. चार वर्षं मी उगाच इंग्लिश वर्ड्स वापरत होते. आता त्या मला ब्लेम नाही करत.' तिचा आवाज इतका हलका झालेला मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. मूल तर तिला हवंच होतं, पण त्याही आधी हे हवं होतं की घरातल्या एका तरी मोठ्या माणसाने तिला आजारी समजावं, गुन्हेगार समजू नये.

दोन आठवड्यांनी उत्तराताईंचा मला फोन आला. लग्नात ओळख झालेली, तेवढीच. आवाज बारीक करून म्हणाल्या, 'नीलाताई, तिसरा लागला आहे. मी तिकडे नाही, तिची आईही जवळ नाही. तुम्ही चोरओटी भरा न तिची.' तिसऱ्या महिन्यात गाजावाजा न करता गर्भारशीची ओटी भरतात, ती चोरओटी. मी चाटच पडले. उर्वीने मला सांगितलं नाही? मग वाटलं, रीत पाळत असेल पोरगी. आणि मी, तीस वर्षं लॅबमध्ये काढलेली, तिच्या रक्ताचे आकडे तिच्याच तोंडून महिन्या-महिन्याला ऐकणारी, एक साधा प्रश्न न विचारता बाजारात गेले. हिरवा खण आणला, नारळ आणला, तांदूळ, हळकुंड, सुपारी. दुकानातून घरी येईपर्यंत देवाचे आभार मानत होते. माझी मला लाज वाटते.

शनिवारी सकाळी तिच्या घरी गेले. उर्वीने दार उघडलं ते हसतच. माझ्या हातातली पिशवी बघून म्हणाली, 'ओटी? काकू, आज नाही चालणार ना. पाळी आली!'

तिसऱ्या महिन्यात रक्त, आणि ही हसते आहे. मी तिला धरून सोफ्यावर बसवलं, म्हणाले, 'किती जातंय? डॉक्टरला कळवलंस का?'

'कळवलं ना. दे आर हॅपी. दहा दिवस गोळ्या घेतल्या तेव्हा कुठे आली. आता तिसऱ्या दिवसापासून बीज वाढवायच्या गोळ्या सुरू. फायनली, काकू.' मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, 'तुम्हाला काय झालं?'

मी सांगितलं. तिच्या सासूने काय ऐकलं, काय समजल्या, खण कशासाठी आणला. उर्वी ऐकत राहिली. तिने एकच विचारलं, 'दिवस गेले म्हणजे प्रेग्नंट? कोणी ठरवलं हे?' मग हळूच म्हणाली, 'म्हणजे त्यांना काहीच कळलं नव्हतं. त्या बाळाशी छान वागत होत्या.'

सौमित्र आतून आला होता, त्याने सगळं ऐकलं. 'मी बोलतो आईशी,' म्हणून त्याने फोन घेतला. चार वर्षांनी का होईना, घेतला. उर्वीने तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः लावला. अमरावतीत संध्याकाळ झाली होती, उत्तराताईंची दिवाबत्ती आटोपलेली.

या खेपेला उर्वी सावकाश बोलली, शब्द अडला की माझ्याकडे बघायची, मी पुरवायची. मूल राहिलेलं नाही. राहिलं नव्हतंच. आजार आहे, त्याला हे नाव आहे, सोळाव्या वर्षापासून आहे, तिच्या हातून काही चुकलेलं नाही. मला वाटलं, पलीकडे बाई रडत असेल. मी मनातल्या मनात तिला माफही करायला निघाले होते.

मग उत्तराताई म्हणाल्या, 'मी दोघी जावांना सांगून बसले. आणि त्यांनी पुढे सांगितलं. आता असं करू, पडलं म्हणून सांगू. निदान राहतं तरी, हे लोकांना कळेल.'

आणि खरं सांगते, क्षणभर माझीही मान हलली. सोपं होतं ते. गर्भ पडलेल्या बाईची लोक कीव करतात, न राहणाऱ्या बाईची करत नाहीत. हे मला आतून माहीत होतं, कारण मीही त्याच लोकांतली. उर्वीने माझी हललेली मान बघितली.

'नाही आई,' ती म्हणाली. 'जे बाळ आलंच नाही, त्याला तुम्ही मारू नका.'

उत्तराताईंनी फोन ठेवला.

चार दिवसांत अमरावतीहून उर्वीला मेसेज यायला लागले. जावा, त्यांच्या सुना, आत्तेसासू, मामेसासू. 'ऐकून वाईट वाटलं', 'पुढच्या वेळी नक्की', 'विश्रांती घे', हात जोडलेले, फुलं, देवांचे फोटो. सांगायचं ते उत्तराताईंनी सांगितलंच होतं. सौमित्र चिडून म्हणाला, ब्लॉक कर सगळ्यांना. मी म्हणाले, जाऊ दे, विसरतील. उर्वीने दोघांचंही ऐकलं नाही. रविवारी तिने मला बोलावलं आणि एक मराठी मेसेज लिहून दाखवला, शुद्धलेखन तपासायला. 'माझं मूल पडलेलं नाही. मूल राहिलंच नव्हतं. मला पीसीओएस हा आजार आहे, उपचार चालू आहेत. तुम्हाला चुकीचं सांगितलं गेलं.' तिने 'पडलेल' लिहिलं होतं, त्यावर मी टिंब दिलं. बाकी सगळं बरोबर होतं.

सगळ्यांना एकदम पाठव म्हटलं, तर नाही म्हणाली. एकेकीला वेगळा, नावानिशी. एकोणीस बायका. मी शेजारी बसून होते. बऱ्याच जणींनी वाचलं आणि गप्प बसल्या. एकीने 'बरं' लिहिलं. एका आत्तेसासूने लिहिलं की असल्या गोष्टी चारचौघींना सांगायच्या नसतात. ते वाचून मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

विसाव्या नावाला उर्वीने मेसेज पाठवलाच नव्हता. तिकडूनच आला. अनुष्काचा, सौमित्रच्या सख्ख्या बहिणीचा, उत्तराताईंच्या पोटच्या मुलीचा. सत्तावीस वर्षांची आहे, पुण्याला नोकरी करते. उर्वीने वाचला आणि फोन माझ्याकडे दिला.

'वहिनी, अमरावतीच्या काकूने तुझा मेसेज दाखवला. मलापण आहे. कॉलेजपासून. आईनेच नेलं होतं डॉक्टरकडे, तीच म्हणाली, कुणाला बोलायचं नाही. सध्या स्थळं बघतायत. प्लीज दादाला सांगू नकोस.'