दोन दिवसांनी आलेले पाणी

लोखंडाला कान लावून ऐकणारा मनुष्य मी आयुष्यात एकच पाहिला. मेडशीजवळच्या आमच्या गावात नळयोजनेचे काम चालू होते. टाकीखालच्या चौकोनी खड्ड्यात तो गुडघे टेकून बसला होता. एका हाताने व्हॉल्व्हचा दांडा संथपणे फिरवीत, डोळे मिटून त्याने कान नळाला टेकवला होता. मला वाटले, जपच चालला आहे; म्हणून मी उभा राहिलो. काही वेळाने डोळे उघडून तो म्हणाला, "पान घासते का ऐकून राह्यलो, गुरुजी."

ते दौलत फिटर. तो व्हॉल्व्ह म्हणजे नळाच्या दोन तुकड्यांमध्ये बसणारे एक कडे, आणि त्यात आसावर फिरणारी गोल तबकडी. ती आडवी झाली की पाणी अडते, प्रवाहाच्या दिशेस वळली की वाहते. कागदोपत्री तिला फुलपाखराचे इंग्रजी नाव होते. दौलतराव तिला पान म्हणत.

ठेकेदाराने त्यांच्या राहण्याची सोय विचारली, तेव्हा मी माझी ओसरी दिली. पत्नी जाऊन चौदा महिने झाले होते, मुलगा दूर नोकरीस होता, आणि घरात माझ्या संध्येच्या मंत्रांखेरीज आवाज नव्हता. दौलतरावांनीही तो फारसा वाढविला नाही. संध्याकाळी आम्ही दोघे पिठले-भाकरी खात असू आणि भांडी घासण्यावरून तेवढे भांडत असू. "तुमी पोथी वाचा जी, राख माह्या हातालेच लागू द्या," असे म्हणून ते माझ्या हातून तवा ओढून घेत.

कामात मात्र ते बोलत, तेही बहुधा व्हॉल्व्हशी. पान जवळजवळ मिटवून कडे अलगद आत सरकवावे. बोल्ट आधी नुसते हाताने लावावे. मग पान पुरते उघडून समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळावे, आणि दर फेरीला पान फिरवून पाहावे. मी एकदा म्हटले, "एकाच बाजूने आवळत गेलात तर लवकर होईल." ते हसले. "एका बाजूनं आवयलं का दुसरी बाजू रुसते, गुरुजी. मंग थे फुंदत राह्यते, थेंब थेंब."

पंचायतीने पाणी सोडण्याचा मुहूर्त मला विचारला होता. मी अक्षय्य तृतीयेची सकाळ दिली. तिथी उत्तम होतीच, परंतु तीत माझा स्वार्थही होता. माझ्या पत्नीने चाळीस वर्षे नाल्यापलीकडच्या विहिरीवरून पाणी वाहिले. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे याच तृतीयेला, दिवंगतांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. तिची घागर नव्या नळाच्या पहिल्या पाण्याने भरावी, एवढीच माझी इच्छा होती. ती मी केवळ दौलतरावांना सांगितली होती.

आखाजीच्या आदल्या दिवशी शेवटचा व्हॉल्व्ह बसेना. जोडलेला नळ बोटभर सरकला होता. पान उघडताच त्याच्या कडेला अडत होते. सरपंच कठड्यावरून ओरडले, "काहो दौलतभाऊ, नळ बसवून राह्यले का सोयरीक जुयवून राह्यले?"

"सोयरीकच हाय, भाऊ! पानाले फिराले जागा नाई ठेवली तं संसार घासते. व्हॉल्व्ह बाहेर काढतो, नळ कापून पुन्हा जोडतो. जाग्यावरच वेल्डिंग केलं तं आतलं रबर जयते. दोन दिवस लागन."

"दोन दिवस? अन् उद्याचा मुहूर्त? बोल्टानं ओढून घ्या ना!"

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. सांगण्यास लाज वाटते, पण मी म्हणालो, "दौलतराव, एवढ्या वेळी ओढून घ्या. मागाहून नीट करा."

त्यांनी चिंधीला हात पुसले. "एकदा ओढला व्हता, गुरुजी. मले बी घाईच व्हती त्या दिवशी. पाणी सोडलं अन् जोड फाटला. साथीदार खड्ड्यात व्हता, त्याचा हात गेला." मग त्यांनी विचारले, "अक्षय म्हंजे काय व्हते?"

"ज्याचा क्षय होत नाही ते."

"मंग थे दोन दिवसात काहून सरन?"

त्या समासाचा विग्रह मी सारी नोकरी फळ्यावर लिहीत आलो होतो. मी सरपंचांना सांगितले, "परवा सोडा. मुहूर्त मी दिला होता, मीच पुढे ढकलतो." ते पुटपुटत निघून गेले.

आखाजीच्या सकाळी दौलतराव घागर घेऊन जुन्या विहिरीवर गेले. खांद्याला सवय नव्हती. अर्धे पाणी सदऱ्यावर सांडवून ते परतले. घागर देवघरापाशी टेकवून म्हणाले, "काकूले सांगा, नयाचं उद्या येते."

तिसऱ्या दिवशी पाणी आले. कोठे थेंबही गळाला नाही. लोक नारळ फोडीत होते तेव्हा दौलतरावांची पिशवी भरलेली होती. मी म्हटले, "चार दिवस राहा." ते म्हणाले, "कामरगावाकडं काम लागलं, जी." एसटी आली आणि ते गेले.

यंदा चैत्रात त्यांच्या सोबत्याचा फोन आला. कामावरच, दुपारी झाडाखाली पडले होते. ते उठले नाहीत.

आखाजीला पत्नीची घागर भरल्यावर मी दुसरी घागर नळाखाली ठेवली आणि हातात पाणी घेतले. संकल्पात गोत्र उच्चारावे लागते. ते मी कधी विचारले नव्हते. गोत्र ठाऊक नसल्यास काश्यप म्हणावे असा संकेत आहे, तसे म्हटले. नाव घेतले. त्यानंतर आपले आणि त्या जिवाचे नाते सांगावे लागते. पिता, माता, भार्या, गुरू, सर्वांसाठी शब्द ठरलेले आहेत, आणि मला ते सगळे पाठ आहेत. 'अस्मत्', म्हणजे 'माझा', एवढे म्हणून मी थांबलो. घागर भरून ओसंडू लागली, पाणी अंगणात पसरले, तरी मी तोटी बंद केली नाही. पुढचा शब्द शोधीत होतो.