नवरदेवाचं रगत

अमडापुरात पिंजारी लय झाले, पन रज्जाकसारखा हात कोनाचाच नाही. कमान खांद्याले टांगून तो गल्लीत शिरला, की बाया जुन्या गाद्या उसवाले घेत. कमानीची तांत अशी वाजे, जसा भोंवरा कानाजवय गुनगुनते. दगडावानी झालेला कापूस त्याच्या हाताखाली फुलून वर ये. अंगानं मात्र तो काडी, अन् बोलनं त्याच्याहून बारीक. घरातलं बोलाचं काम मोठा भाऊ जब्बार करे, अन् ते काम त्यानं कधी अर्धं सोडलं नाही. "आमच्या घरच्या गादीवर मुडदा निजवा, उठून बसते," असं तो भर बजारात सांगे. शाया त्याची तिसरीलोक, पन सांगे असा, की ऐकनाऱ्याले मॅट्रिक वाटे.

मोठी लढाई संपली त्या हिवाळ्यात रज्जाकचं लग्न ठरलं. नवरी घरातलीच, खामगावच्या खुर्शीद मामूची पोरगी नजमुन्निसा. मामूचा तिथं टांगा होता. लोकायची गादी रज्जाक दिवसात उरकून टाके, पन लग्नाची सोताची गादी काही त्याच्या हातून सरेना. पिंजलेलं परत पिंजे, काडी दिसली की वेचे.

"अबे, गादी करून राह्यला का नवाबाचा महाल?" जब्बार म्हने.

रज्जाक नुसता हासे.

गादीच्या खोयीले कापड घ्याचं म्हनून दोघं भाऊ खामगावले गेले. मामूच्या दारात पाय ठेवते तं आत रडारड. घोड्यासाठी वैरन तोडता तोडता नजमुन्निसाच्या हातातला कोयता सटकला अन् मांडीत घुसला. अजीजुन्निसा मामीनं ओढनी करकचून बांधली होती, पन ओढनी लाल होऊन खाली थेंब पडून राह्यले होते. मामूनं टांगा जुपला. पोरीले मधात निजवलं, अन् घोडा जो पयाला, तो दवाखान्याच्या दारातच थांबला.

दवाखान्यातले शालिग्राम डाक्टर लढाईत फौजेच्या इस्पितळात काम करून आल्ते. त्यायनं जखम शिवली अन् बाहेर आले. "रगत लय गेलं," ते म्हने. "दुसऱ्या मानसाचं काढून तिले द्या लागन. कोनाचं जुळते ते पाहू."

एकाचं रगत दुसऱ्याच्या अंगात भरते, हे मामूच्या मोहल्ल्यात कोनी ऐकलं नव्हतं. तरी मामूनं बाही वर केली. नर्स सत्यभामाबाईनं बोट टोचलं, अन् डाक्टरनं मामूचं अन् पोरीचं रगत पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर मियवून पाह्यलं. फाटल्या दुधावानी गुठया झाल्या. मामीचंही तसंच. जब्बारचं मात्र पान्यात पानी मियावं तसं मियलं.

"मले माहीतच होतं," जब्बारनं छाती काढली. "घ्या साहेब. बाटली काऊन आनता, बादली आना."

"एवढ्यात ताप आला होता का?"

"ताप मले पाहून रस्ता बदलते."

रज्जाक खाली पाहून राह्यला होता. "भाई," तो हळूच म्हने, "परवापावतर तुमी पोस्टातून आनलेली हिवतापाची कुनैन खाऊन राह्यले होते."

"थोडी कुनैन खाल्ली म्हनजे काय ताप झाला बे?"

"हिवताप रगतातून जाते," डाक्टर म्हने. "या पोरीत आता ताप सोसाचा जोर नाही. तुमचं नाही चालत."

"अन् दुसरं कोनाचं नाहीच जुळलं तं?" मामूनं इचारलं.

डाक्टर म्हने, "तं ताप घ्याचा का मरन घ्याचं, हे तुमाले मले मिळून ठरवा लागन. पन आधी याचं पाहू." त्यायनं रज्जाककडे बोट केलं. "तुले ताप? गर्मी, परमा असला काही गुप्तरोग?"

रज्जाकचे कान लाल झाले. "नाही साहेब. अजून लग्न व्हाचं हाय."

सत्यभामाबाईनं हासू पदरात दाबलं अन् बोट टोचलं. जुळलं. जब्बारनं भावाच्या पाठीवर थाप मारली, जसा त्याचाच नंबर लागला. रज्जाक रगत द्याले बाकड्याकडे निंघाला, तं मामीनं त्याचा हात धरला.

"थांब रे बाबा. एका बाईचं दूध प्यालेले लेकरं भाऊ-बहीन होतात. त्यायचा निकाह होत नाही. मंग दूध तं रगतापासूनच बनते. तू तिले सोताचं रगत देलं, तं तू तिचा नवरा कसा होशीन? तू तं भाऊ झाला."

मोहल्ल्यातल्या दोन म्हाताऱ्या मागून आल्या होत्या. त्यायनं माना हालवल्या. मामू कोनाकडेच पाहेना. मौलवी साहेब बाहेरगावी गेल्ते, दोन दिवसानं येनार होते.

"निकाहाचं मले समजत नाही," डाक्टर म्हने. "ते जानत्या मानसाले इचारा. मले एवढंच समजते, की ही पोरगी दोन दिवस थांबत नाही."

जब्बारपाशी दुनियेतल्या हरेक गोष्टीवर बोलाले काही ना काही होतं. त्या वक्तीही त्यानं तोंड उघडलं, तं त्याच्या डोयासमोर घरची ती गादी आली, कोपऱ्यात ढगावानी फुगलेली. देऊ नको म्हनावं तं पोरगी जाते. दे म्हनावं तं भावाचं घर बसाच्या आधी मोडते.

बोलला तो रज्जाक. "मामी, ते जगली तं कोनाची तरी नवरी होईन. मी भाऊ म्हनून पंगतीत वाढाले उभा राहीन."

एवढं बोलून तो बाकड्यावर निजला अन् हात लांबवला. बाटली लाल होऊ लागली. जब्बारनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तो शेवटपावतर काढला नाही. एवढासा काडीसारखा मानूस, अन् एवढं रगत त्यानं ठेवलं कुठं होतं, हेच जब्बारले समजेना.

दिवस मावयाच्या आधी नजमुन्निसाच्या ओठावर रंग आला. तिनं पानी मांगतलं. मामी भिंतीले टेकून रडली. मामूनं डाक्टरचे पाय धराले हात लांबवले, तं डाक्टर मांगं सरकले. "पाय धराचे तं त्या बाकड्यावरच्याचे धरा," ते म्हने.

रज्जाकनं मात्र तिच्या खोलीत पाय टाकला नाही. नवरा का भाऊ हे ठरलं नव्हतं, म्हनून दोन दिवस बाहेरच कडुलिंबाखाली बसून राहे.

मौलवी साहेब आले तसे मामू त्यायले टांग्यात घालून सरळ दवाखान्यात घेऊन आला. खोलीच्या दारातच सगळं ऐकून ते दाढीतल्या दाढीत हासले.

"दुधाचं नातं दुधपित्या लेकरायचं असते, बाई. हा एवढा घोडा झाला, अन् तुमची पोरगी नवरी. हा इलाज हाय. दवाई घेतली म्हनून कोनी हकिमाची बहीन होते का? निकाह ठरला तसाच करा. अन् जीव वाचवला म्हनून या पोराले दुवा द्या."

मामीनं पदर तोंडाले लावला. मामूनं रज्जाकले हात धरून आत आनलं. तवा खाटेवरून बारीक आवाज आला.

"सगळ्यायनं आपसात ठरवलं. मले इचारलं का कोनी?"

"मंग तू सांग, बेटा," मामू म्हने.

"भाऊ व्हाले निंघाले होते हे." तिचे डोये भरले होते, पन जीभ जागेवर आली होती. "सांगा त्यायले, परत असं बोलले तं सगळं रगत वापस करीन."

रज्जाक तिच्याकडे पाहून पहिल्यांदा मोठ्यानं हासला, अन् हासता हासता डोये पुसू लागला.

लग्न उन्हाळ्यात झालं. गादी अशी झाली, की नवरीसंगच्या बायायनं तिच्यात हात खुपसून पाह्यले. पुढं दरसाल, नवा कापूस घरात आला की रज्जाक कमान घेऊन खामगावले जाई अन् दवाखान्यातल्या गाद्या पिंजून देई. पहिली गादी त्या बाकड्यासाठी केली. त्या बाकड्याले नुसती लाकडाची फयी होती, अन् ते त्याच्या पाठीले ठाऊक होतं. कोनाले त्याच्याशी जुळनारं रगत लागलं की डाक्टर सांगावा धाडत. तो हातातली कमान ठेवून निंघे. कोनासाठी, हे त्यानं कधी इचारलं नाही.

जब्बारही एका साली संगं गेला. "साहेब, आता लय दिवसाचा ताप नाही. खरंच नाही. इचारा याले."

डाक्टरनं रज्जाककडे पाह्यलं. रज्जाकनं मान हालवली. पन डाक्टर हासून म्हने, "तुमी भाऊ आनून देता तेवढं बस हाय."

अमडापूरच्या बजारात अजूनही ही गोष्ट निंघते. "माही भावजय," जब्बार म्हन्ते, "आमच्या घरात निकाहाच्या आधीच आली. रगतानं आली. हाय का असं कोनाच्या घरी?"

"भाई," मांगून रज्जाकचा आवाज येते, "जरा गादीचं टोक धरा."

अन् जब्बार धरते.