मी लिहून दिलेलं मलम

कुंदाने पदर बाजूला केला, तेव्हा मला तिच्या छातीवर काहीच वावगं दिसलं नाही. बोंडाभोवतीच्या काळसर वर्तुळावर मोहरीएवढे दहा-बारा दाणे होते. लाल नव्हते, दुखत नव्हते, पूही नव्हता. वाईट दिसत होतं ते तिचं बाळ. सव्वा महिन्याचा मुलगा सासूच्या मांडीवर मलूल पडला होता. गेले नऊ दिवस तो आईच्या अंगावर प्यायलाच नव्हता.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. पनवेलला माझा दवाखाना सुरू होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. आसपासच्या गावांतल्या बायका 'लेडी डॉक्टर' म्हणून माझ्याकडे यायच्या. कुंदा विचुंब्याची, पहिलटकरीण. सासूचं नाव ठमाबाई. दोघी दहा दिवसांपूर्वीही येऊन गेल्या होत्या, याच दाण्यांसाठी.

हे दाणे म्हणजे तेलाच्या ग्रंथी. प्रत्येक बाईला असतात. गरोदरपणी आणि अंगावर पाजताना त्या फुगतात, म्हणून एरवी न दिसणाऱ्या एकदम दिसायला लागतात. त्यांतून किंचित तेलकट स्राव येतो, त्याने बोंडाची कातडी मऊ राहते. उपचार काय? काही नाही. दाबायचे नाहीत, फोडायचे नाहीत, साबणाने खसाखसा घासायचं नाही. साधं पाणी पुरतं.

हे सगळं मी पहिल्या वेळी सांगायला हवं होतं. बाहेर बाकड्यावर पंधरा जणी बसल्या होत्या. मी "नॉर्मल आहे, काही नाही" म्हणून मोकळी झाले. ठमाबाई स्टुलावरून उठल्या नाहीत. आमच्या धंद्यात रिकाम्या हाताने गेलेला पेशंट समाधानी होत नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून एक साधं मलम लिहून दिलं. निरुपद्रवी. लावलं काय, न लावलं काय, सारखंच. तीन मिनिटांत दोघी बाहेर.

घरी गेल्यावर त्या मलमाचा निराळाच अर्थ लागला. डॉक्टरने मलम दिलं म्हणजे आजार आहे. आजार छातीला आहे म्हणजे दुधात उतरणार. मग आळीतल्या बायकांनी दुधाची परीक्षा घ्यायला सांगितलं. आमच्याकडे ही जुनी रीत आहे. बाळंतिणीचं दूध वाटीत काढायचं आणि त्यात मुंगी सोडायची. मुंगी जगली तर दूध चांगलं, मेली तर वाईट. कुंदाचं दूध वाटीभर निघालं. मुंगी मेली. मुलाला डब्याची पावडर सुरू झाली. डबा लवकर संपू नये म्हणून तीही पातळ करून, बाटलीने. पाचव्या दिवशी जुलाब लागले.

हे ऐकून मी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, अहो, तुम्हाला काही नाही म्हणून सांगितलं होतं ना?

"तुमीच तं मलम दिलं," ठमाबाई म्हणाल्या. "काय नाय तं मलम कशाला दिलं?"

 

मी मुलाला तपासलं. वजन उतरलं होतं, तोंड सुकलं होतं. अजून हाताबाहेर गेलेलं नव्हतं, पण असेच दोन दिवस गेले असते तर गेलं असतं. संध्याकाळपर्यंत त्याला इथेच ठेवू, चमच्याने मीठ-साखरेचं पाणी देऊ, बाटली बंद आणि ताबडतोब आईच्या अंगाला लावा, असं मी सांगितलं. कुंदाने हात पुढे केले. ठमाबाईंनी नातवाला आणखी घट्ट धरलं.

"जहर पाजू का पोराला?"

माझा स्वभाव तापट. मी आवाज चढवला. अडाणीपणाने पोर घालवाल, असंही बोलून गेले. ठमाबाई मुलाला घेऊन उठल्या आणि दाराकडे निघाल्या. आमच्या सिस्टर वंदनाताई वयाने माझ्याहून मोठ्या. त्यांनी ठमाबाईंना हाताला धरून परत बसवलं, पाणी दिलं आणि मी विचारायला हवं होतं ते विचारलं: एवढी कसली भीती वाटते?

तेव्हा कळलं. ठमाबाईंच्या नणंदेला छातीत गाठ झाली होती. लाजेपोटी तिने दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही. दाखवली तेव्हा फार उशीर झाला होता. शेवटचे चार महिने ठमाबाईंनीच तिचं केलं. सुनेच्या छातीवर दाणे दिसताच ही बाई तिला लगोलग डॉक्टरकडे घेऊन आली होती, आणि मी तिला अडाणी म्हणाले होते. मला मनापासून लाज वाटली.

मी खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्यापासून सांगायला बसले. ठमाबाईंचं बोट कुंदाच्या दाण्यांवरून फिरवलं. हे कातडीवर आहेत, दोन्ही बाजूंना सारखे आहेत, मऊ आहेत. नणंदेची गाठ आत होती, टणक होती, वाढत होती. आत गाठ लागली, कातडी ओढली गेली, बोंडातून रक्त आलं किंवा छाती लाल होऊन ताप भरला, तर त्याच दिवशी दाखवायचं. घामाने एखादी पुळी किंवा केसतूड आलं तर कोमट पाण्याने शेकायचं, पिळायचं नाही. ठमाबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पर मुंगी मेली ना, बाय."

मग मी ठरवलं, परीक्षा इथेच घेऊ. वंदनाताईंच्या साखरेच्या डब्यात मुंग्यांना तोटा नव्हता. एका वाटीत डब्याचं दूध, दुसरीत नुसतं पाणी, तिसरीत कुंदाचं दूध. मुंगी तिन्हींत बुडणार आणि ही रीतच खोटी ठरणार, असा माझा बेत. मुंग्या ठमाबाईंनाच धरायला सांगितल्या.

डब्याच्या दुधात मुंगी मेली. पाण्यात मेली. पण नऊ दिवसांत कुंदाचं दूध आटत आलं होतं. वाटी राहू दे, चमच्याच्या तळाशी जेमतेम चार थेंब जमले. तिसरी मुंगी त्यात पाय भिजवून चमच्याच्या कडेवर चढली आणि चालती झाली.

चार थेंबांत मुंगी बुडेल कशी? हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ठमाबाई म्हणाल्या, "जगली," आणि त्यांनी मुलाला कुंदाच्या ओटीत दिलं. मी तोंड मिटलं. मुलगा दोन-तीनदा चुकला, मग लागला. कुंदा रडत होती.

आटलेलं दूध परत आणायचा उपाय एकच, बाळाने ओढत राहणं. दर दोन तासांनी पाजायला सांगितलं. चौथ्या दिवशी जुलाब थांबले. पंधरा दिवसांत दूध पुरेसं यायला लागलं. महिन्याने वजनाला आणला तेव्हा मुलगा ओळखू येत नव्हता.

माझ्या मनाला मात्र ती मुंगी डाचत होती. वजनाच्या त्या दिवशी मी ठमाबाईंना खरं ते सांगितलं. मुंगी जगली ती दूध चांगलं होतं म्हणून नव्हे, दूध थोडं होतं म्हणून.

"त्ये काय मला दिसलं नाय?" ठमाबाई म्हणाल्या. "पर आक्ख्या आलीत मीच सांगितलेलं दूध वाईट हाय. आता मागं फिराया कायतरी नको? पोर उपाशी व्हतं, बाय."

तेव्हापासून मी 'काही नाही' हे मलमाशिवाय सांगते. त्याला दहा मिनिटं लागतात. बाहेरच्या बायका कुरकुरतात, त्यांना कुरकुरू देते.