बाप जिवंत असताना

मी नट म्हणून पहिल्यांदा मिशी काढली तेव्हा माझे वडील चांगले धडधाकट होते. मूकपटांच्या त्या दिवसांत पडद्यावरच्या बायका म्हणजे आम्ही बाप्येच. पुण्याच्या कंपनीत कुणी म्हणालं, याचा चेहरा लुगड्यात शोभेल, आणि मी वस्तऱ्याखाली बसलो. आमच्या तलवाड्याकडे मात्र मिशी उतरते ती बाप गेल्यावरच. बाजारात कुणीतरी माझा फोटो वडिलांना दाखवला. ते एवढंच म्हणाले म्हणे, "पोरानं मला जित्तेपणीच पोचवलं." त्यानंतर सात वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत.

पुढे मी दिग्दर्शक झालो. त्यात मान जास्त, असं मी लोकांना सांगायचो. खरं म्हणजे मला कुठंच बूड टेकवून बसता येत नाही, आणि या कामात बसायला कुणी सांगत नाही. मिशीही राखली, झुपकेदार. मग पहिल्याच चित्रपटाचा सगळा लवाजमा मी निजामाच्या मोगलाईत, आपल्याच गावाच्या माळावर आणला. माळ हे निमित्त होतं. वडिलांनी एकदा यावं, दोन शब्द बोलावेत, एवढ्यासाठी हा खटाटोप.

तहसीलदारानं इजाजत दिली ती एका दिवसाची, सूर्य मावळेपर्यंत. नेमका त्याच सकाळी म्हाताऱ्या आईचं काम करणारा आमचा नट तापानं फणफणला. मी गावात एकेकाला गाठलं. आर्जवं केली, चिडलो, पुन्हा आर्जवं केली. एक जण म्हणाला, "बाप हाय बे मला अजून." बाईमाणसाला तर विचारायचीही सोय नव्हती. दुपार कलली. कॅमेरावाला घडोघडी आभाळाकडे बघे आणि मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटे.

वडील लांब बाभळीखाली येऊन बसले होते. आले होते हेच खूप. पण माझं झालं होतं धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी लुगडं आपणच नेसायचं ठरवून मी न्हाव्यापुढे बसलो. पुन्हा ही मिशी गेली की ते घर मला कायमचं बंद, हे पुरतं कळत होतं. तरी बसलो. माझी मलाच लाज वाटत होती.

न्हाव्यानं ओठावर पाणी लावलं तोच वडील समोर आले.

"ऊठ. येकदा मला मारलंस तेवढं लई झालं."

मी उठलो. माझ्या जागी ते बसले आणि न्हाव्याला म्हणाले, "माजा बाप कवाच गेलाय. माजी काढ."

लुगडं नेसून ते खोपटाच्या दारात उभे राहिले. परमुलखात गेलेल्या मुलाची वाट बघणारी आई, एवढाच प्रसंग होता. ऊन झपाट्यानं उतरत होतं. कॅमेऱ्याचं हॅण्डल फिरू लागलं आणि ते रस्त्याकडे बघायचं सोडून माझ्याकडेच बघत राहिले.

"दादा, रस्त्याकडं बघा," मी ओरडलो. "पोराची वाट बघताय तुम्ही."

"त्यो हितं हुबा हाय," ते म्हणाले. "रस्त्याकडं कावून बगू?"

थांबवू का, असं कॅमेरावाल्यानं विचारलं. मी नुसती मान हलवून नको म्हटलं. रीळ संपेपर्यंत तो हॅण्डल फिरवत राहिला.