हेमक्काचा टोप

मी पुण्याची, म्हणजे कुणी विचारायच्या आत सल्ला देणारी, असं माझे बंगळूरचे घरमालक शामण्णा म्हणायचे. १९९७ साली मी राजाजीनगरात त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होते आणि हेब्बाळच्या एका नव्या कंपनीत नोकरी करत होते. शामण्णा, म्हणजे शामसुंदर, यांचं बांगड्यांचं दुकान होतं. घराणं कित्येक पिढ्यांपासून इथलंच. घरात मराठी, गल्ल्यावर कन्नड. त्यांच्या बायकोचं नाव हेमावती, पण सगळी गल्ली तिला हेमक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणायचे.

हेमक्काचे केस कमरेखाली पोचायचे. दुकान बंद करून येताना शामण्णा रोज तिच्यासाठी एक मोळ मोगरा आणायचे. मोळ म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंतचा हात. इथल्या फुलवाल्या माळ हातानेच मोजून देतात. ती माळ बायकोच्या हातात द्यायची नाही, गुपचूप फ्रिजवर ठेवायची आणि पेपर उघडून बसायचं, ही त्यांची रीत. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाचं ते लाजणं बघून मला हसू यायचं, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटायचा.

त्या वर्षी शामण्णांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. ते सुखरूप घरी आले, थोडे हिंडूफिरू लागले, आणि हेमक्का तिरुपतीला जाऊन आली. मी दार उघडलं तर समोर गुळगुळीत डोकं आणि त्यावर पिवळं चंदन.

"अगं, बायका तीन कात्र्या देतात ना? तीन बटा कापल्या की झालं. तेवढं चालतं की," मी म्हटलं.

"चालतं," ती म्हणाली. "पण मी नवरा अख्खा मागितला होता. केस स्वल्प कसे देऊ?"

मी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि दारातून बाजूला झाले.

डॉक्टरांनी शामण्णांना दुकानात अर्धा दिवसच बसायची परवानगी दिली होती. घर चालवायचं तर हेमक्काला नोकरी हवीच होती. आमच्या कंपनीत रिसेप्शनिस्टची जागा निघाली होती. हेमक्का बी. ए., टायपिंग पास, चार भाषा बोलणारी. तिचं नाव मीच सुचवलं होतं, पण ते डोक्यावर केस असताना. मुलाखतीचं बोलावणं आलं ते ती तिरुपतीहून परतल्यावर.

मग मी कामाला लागले. साडी फिकट रंगाची, कडक इस्त्रीची. पदराला पिना. बांगड्या हातात दोन-दोनच, टेबलावर खुळखुळ नको. बांगडीवाल्याच्या बायकोला हे पटवताना माझा घसा बसला. पर्समधली बसची जुनी तिकिटं काढली, नखांतली हळद लिंबाने घासायला लावली. डोक्याचा विषय मात्र कुणी काढेना. शेवटी मीच काढला.

"रिसेप्शनवरच्या बाईकडे लोक आधी बघतात, मग बोलतात. असं कसं चालेल?"

शामण्णा उठून आत गेले. त्यांना ते लागलं होतं. केस त्यांच्यापायी गेले होते, आता नोकरीही त्यांच्यापायीच जाणार होती.

दुसऱ्या दिवशी ते कुणाला न सांगता चिकपेटेत गेले आणि एक खोका घेऊन आले. नाटकांचे कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानातून त्यांनी लांब वेणीचा टोप आणला होता. "राणीच्या पार्टाचा आहे," ते म्हणाले. हेमक्काने तो घातला. मी पिना लावल्या, वेणी गुंडाळून अंबाडा बांधला. आरशात ती जवळजवळ पूर्वीची दिसू लागली. शामण्णांचा चेहरा किती दिवसांनी खुलला.

"खरे केस आहेत," ते म्हणाले. "दुकानदार सांगत होता, तिरुपतीचे आहेत. तिथे केसांचा लिलाव होतो ना, त्यातले."

अंबाडा चाचपणारा हेमक्काचा हात थांबला. तिने एकेक पिन काढली, टोप उतरवला आणि झोपलेलं मूल धरावं तसा दोन्ही हातांत धरला.

"म्हणजे हा कुणाचा तरी नवस आहे हो," ती म्हणाली. "कुणीतरी कुणासाठी तरी दिलेला. तो डोक्यावर घालून मी नोकरी मागू?"

"मग काय करायचं, हेमा?"

"आहे तशी जाते. सरी, चालेल ना?"

शामण्णांनी मान हलवली. मला मात्र संताप आला. हातातोंडाशी आलेली नोकरी ही बाई घालवणार, असं पुटपुटत मी पाय आपटत जिना चढले.

मुलाखतीच्या सकाळी खाली उतरले तर हेमक्का स्टुलावर बसली होती आणि शामण्णा तिच्या डोक्याला चंदन लावत होते. पातळ, एकसारखं. कानामागे आलेला ओघळ त्यांनी ओल्या फडक्याने टिपला. मी एवढ्या सूचना केल्या होत्या, ही त्यात नव्हती. माझा राग तिथेच विरघळला.

मुलाखत घेणारे पुरुषोत्तम सर मुंबईहून नुकतेच आले होते. इथल्या माणसाने चंदन बघताच ओळखलं असतं. सरांना वाटलं, बाई मोठ्या आजारातून उठली आहे. पुढचं मला हेमक्कानेच सांगितलं. सरांनी तिची फाइल मिटली आणि मराठीत, अगदी हळू आवाजात विचारलं, "रोज एवढ्या लांब येणं झेपेल तुम्हाला? आधी तब्येत सांभाळा." थोडक्यात, नकार.

"सर, आजारी मी नव्हते," हेमक्का म्हणाली. "आमचे हे होते. ते बरे झाले, म्हणून माझं डोकं असं आहे."

सरांनी विचारलं, "आता कसे आहेत ते?"

"खाली स्टॉपवर उभे आहेत. नको म्हटलं तरी आले."

सरांनी खिडकीतून खाली पाहिलं. मग मिटलेली फाइल उघडली आणि टायपिंगचा वेग विचारला.

पुढच्या सोमवारी हेमक्का कामावर रुजू झाली. त्या दिवशी आम्ही दोघी एकाच बसने परतलो. घरात शिरलो तर शामण्णा पेपर वाचत होते आणि फ्रिजवर मोगऱ्याची माळ होती. आजारपणापासून पहिल्यांदाच.

हेमक्काने ती उचलली, दुसरा हात डोक्यावरून फिरवला आणि हसली. "अहो, कुठे माळू?"

"केस येतील की," शामण्णा पेपरमागून म्हणाले. "फुलं आणायला मी आहे ना."