जातो नव्हे, येतो

इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून असलेल्या थंडगार खोलीत आत्या बसायची. ती तिथे कुणाचीच आत्या नव्हती. पण चूक दिसली की हक्काने कान उपटायची, म्हणून ऑफिसने हे नाव चिकटवलं होतं. इस्पितळाचा डेटाबेस तिच्या ताब्यात होता. रोज सकाळी नोंदणीच्या खिडक्या उघडल्या की तो मान टाकायचा, त्यामुळे सकाळी तिला जागचं हलता येत नसे. या गुरुवारी मात्र सकाळच्याच बसने धाकटी बहीण परगावी नोकरीला निघणार होती. "तू कसली येतेस पोचवायला," असं ती टोचून बोललीही होती.

साहेबांचं म्हणणं, विभागाविभागांचे ॲप डेटाबेसशी ज्या जोडण्या करतात, त्यांची एका वेळची मर्यादा वाढवा. आत्याने ते करून पाहिलं होतं. प्रत्येक जोडणीने मेमरीचा लचका तोडला आणि डेटाबेस आणखीच धापा टाकू लागला. तिला ॲप आणि डेटाबेस यांच्यामध्ये एक मध्यस्थ प्रोग्रॅम बसवायचा होता. साहेबांना मधे आणखी एक लचांड नको होतं.

रविवारी घरी धाकटीसाठी जेवण होतं. मावशी 'निघते' म्हणत उठली आणि दारात, जिन्यात, फाटकापाशी पुन्हा पुन्हा निरोप घेत राहिली. जेवणापेक्षा निरोपच लांबला. आत्याला हसू आवरेना. साहेबांना कसं सांगायचं ते तिला सापडलं होतं.

सोमवारी ऑफिसात ती म्हणाली, "साहेब, आपले ॲप दर वेळी नव्याने ओळख देतात, पासवर्ड सांगतात, एवढासा प्रश्न विचारतात आणि 'जातो' म्हणून कायमचे जातात. कामापेक्षा ये-जाच लांबते. त्यांना 'येतो' म्हणायला शिकवू."

"म्हणजे सगळ्यांना घरातच बसवून ठेवायचं?"

"छे. जोडण्या मोजक्याच, पण कायम उघड्या. काम झालं की जोडणी मध्यस्थाच्या हातात परत. तो ती पुढच्याला देईल."

साहेब हसले, म्हणजे परवानगी मिळाली.

चाचणीत एकच प्रोग्रॅम रडला, अहवालांचा. तो जोडणीतच आपली तात्पुरती माहिती ठेवायचा आणि मागाहून शोधत यायचा. तोवर जोडणी दुसऱ्याकडे गेलेली. अगदी धाकटी, आत्या मनात म्हणाली. तीही जाईल तिथे काहीतरी विसरून येते. त्या एकट्याला तिने डेटाबेसशी थेट जोडणी दिली.

गुरुवारी खिडक्या उघडल्या. प्रश्न मध्यस्थापुढे रांगेत उभे राहत, डोळ्याचं पातं लवेतो पुढे सरकत. डेटाबेस शांत होता. आत्या तरी पडद्याला डोळे लावून बसलेली. शेवटी साहेबच म्हणाले, "आत्या, आता काय त्याला मांडीवर घेणार? निघा."

ती धावत बसस्थानकावर पोचली तेव्हा सुटायची वेळ टळून गेली होती. बस मात्र जागेवरच होती. दाराच्या पायरीवर एक पाय ठेवून मावशी निरोप घेत होती आणि ड्रायव्हर कपाळाला हात लावून बसला होता.

आत्याने मावशीच्या काखेखालून हात घालून धाकटीला तिचा घरी राहिलेला चार्जर दिला.

"आलीस की गं," धाकटी म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि तोंड हसत होतं. "येते हं."

"ये," आत्या म्हणाली, आणि मावशीला हळूच खाली ओढलं.