लछमीचं राहिलेलं जेवण

हिंगणघाटच्या स्टेशनवर त्या दिवशी पॅसेंजर पाऊण तास खोळंबली. कारण काय, तर रुखमा आत्राम नावाची कापसाच्या जिनातली एक कामकरीण आणि तिच्या डोक्यावरची पुरणपोळ्यांची पाटी!

पण ही भानगड सुरू झाली सहा वर्षं आधी, केळझरजवळच्या एका खेड्यात. रुखमाचा नवरा सोनबा हा तिथल्या जमीनदाराच्या, अण्णाजी मालगुजारांच्या, हत्तिणीचा माहूत. हत्तिणीचं नाव लछमी. जंगलातून सागाचे ओंडके ओढायचे, मालगुजारांच्या घरच्या लग्नात मिरवायचं आणि उरलेल्या वेळात रुखमाच्या पदराची गाठ सोंडेनं चाचपून गूळ लुबाडायचा, हा तिचा दिनक्रम. डाव्या कानाला मोठी खाच होती, उंदरानं भाकरी कुरतडल्यासारखी.

बैलपोळ्याच्या आदल्या दिवशी तिकडे खांदशेकणी असते. बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळायचं आणि कानाशी लागून म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." रुखमाच्या घरी बैल कुठले असायला? ती खुशाल लछमीलाच खाली बसवायची, खांद्याला हळद-लोणी फासायची आणि आवतण द्यायची. गावच्या बाया हसून लोटपोट.

"हत्तिणीले कोणी आवतन देते काय वो?"

"काऊन नाई? ती काय बैलापेक्षा कमी राबते?"

असं म्हणून ती दुसऱ्या खांद्याला लोणी फासू लागायची.

एक्कावन्न साली कायद्यानं मालगुजारी गेली आणि अण्णाजींना हत्तीण पोसणं जड झालं. त्या वर्षी खांदशेकणीला रुखमानं नेहमीसारखं आवतण दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या चुलीवर डाळ रटरटत असतानाच सर्कशीची माणसं आली आणि लछमीला घेऊन गेली. रुखमा हातातली पळी घेऊन दारात उभी. जेवायला बोलावलेलं माणूस उपाशी दारावरून गेलं! हत्तीण गेली याचं दुःख होतंच, पण हे उपाशी जाणं तिच्या जिवाला लागलं ते लागलंच. पुढे सोनबा तापानं गेला. रुखमा हिंगणघाटला आली, जिनात कापसाच्या कामाला लागली. सणावाराला शेजारणी पुरणपोळी आणून द्यायच्या, पण ती तोंडाला लावायची नाही. पाहुणी जेवल्याशिवाय घरच्यांनी कसं जेवायचं, असा तिचा सरळ हिशोब. हट्टी होती बाई.

आणि सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात गावातल्या भिंतीभिंतींवर सर्कशीचे कागद झळकले. 'रूपमती! क्रिकेट खेळणारी जगप्रसिद्ध हत्तीण!' चित्रात झूल घातलेली हत्तीण सोंडेत बॅट धरून ऐटीत उभी. रुखमाला अक्षर येत नव्हतं. तिनं फक्त कान पाहिला आणि बाजूला उभ्या असलेल्या शेजारणीचा, सखूचा, दंड असा गच्च धरला की ती ओरडली.

"सखू, माही लछमी होय वो! माही लछमी!"

दुपारी माहूत हत्तिणीला वणा नदीवर आंघोळीला आणतो, हे कळायचा अवकाश, रुखमा वाटीत हळद-लोणी घेऊन घाटावर हजर. लछमी पाण्यात पहुडली होती. रुखमा लुगडं खोचून पाण्यात शिरली आणि तिनं तो ओळखीचा खांदा चोळला. "आज आवतन घे माय, उद्या जेवाले ये."

नवा माहूत परप्रांतातला. तो हसला. "अम्मा, जो खिलाना है, अभी खिला दो."

"अशी कशी? आज आवतन, उद्या जेवन!"

सर्कशीचा मुक्काम अजून चार दिवस होता. रुखमा हवेतच घरी आली. सकाळी जिनात खाडा केला, शेजारून मोठं पातेलं आणलं, पुरण घातलं आणि ताटाएवढ्या पोळ्या लाटायला बसली. अकरा झाल्या. बारावी तव्यावर होती, तेवढ्यात सखू धापा टाकत दारात.

"रुखमे, तुही हत्तीण स्टेशनवर नेली! सर्कशीतून काढून चिडियाघरात पाठवून राह्यले! रेल्वेचा डबा आजच आला म्हणते!"

पुन्हा तेच! रुखमा ताडकन उठली. काल नदीवर दोन घास भरवले असते तर काय बिघडलं असतं? स्वतःच्या रीतीचा असा राग तिला जन्मात आला नव्हता. तिनं अर्धीकच्ची बारावी पोळीही पाटीत टाकली आणि पळत सुटली. चाळिशी ओलांडलेली बाई, डोक्यावर गरम पाटी, पायात काही नाही. बाजारातले लोक बाजूला झाले, काही मागे पळू लागले.

स्टेशनवर निराळाच तमाशा. डब्याला लावलेल्या फळीवर लछमीनं एक पाय ठेवला होता आणि दुसरा काही उचलेना. ऊस दाखवून झाला, अंकुश लावून झाला. तो डबा जोडल्याशिवाय पॅसेंजर हलेना. स्टेशनमास्तर टोपी काढून डोकं पुसत होते. फळी करकरली म्हणून हत्तीण बिचकली, असं ते पुढे सगळ्यांना सांगत. सांगोत बापडे.

"लछमे!"

हत्तिणीनं फळीवरचा पाय काढला. सोंड पुढे आली. पाटीकडे नाही गेली. आधी रुखमाच्या पदराशी आली आणि गाठ शोधू लागली, सहा वर्षांपूर्वी जिथं गूळ असायचा ती गाठ. रुखमाला रडू फुटलं. भर स्टेशनात ती मोठ्यानं रडली आणि रडतच एकेक पोळी भरवू लागली. लोकांनी टाळ्या पिटल्या. गार्डनं झेंडा गुंडाळून काखेत मारला. अकरा पोळ्या गेल्या. बारावी रुखमानं मधोमध मोडली, अर्धी लछमीला दिली आणि अर्धी, अर्धीकच्ची, तिथंच उभ्याउभ्या स्वतः खाल्ली.

मग लछमी तिची ती फळीवरून डब्यात चढली.

माहूत गहिवरला होता. तो दारातून म्हणाला, "अम्मा, एक न्योता और दे दो. फिर आएगी."

रुखमानं पदरानं तोंड पुसलं आणि मान हलवली.

"नाई. आवतन पाहुण्याले देतात," ती लछमीकडे पाहत म्हणाली. "तू घरची होय. कवाही येजो."